वेसाव्याची मोटर, ट्रॉम्ब्याची होडी : एका जुन्या ओबीएमच्या खरेदीचं प्रकरण

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या भाच्याचा फोन आला. "मामा, वेसाव्याला एक मोटर आहे. पंधराची, टू-स्ट्रोक, जपानी. नाखवा बावन्न हजार म्हणतोय. फोटोत तर एकदम नवी दिसते. येताय का बघायला?"

फोटोत नवी दिसते, या वाक्यावरच माझा अर्धा मूड गेला. बारा-तेरा वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेली मोटर नवी दिसत असेल, तर कोणीतरी तिला नुकतंच रंगवलं आहे. पण भाच्याला तसं फोनवर सांगितलं असतं तर तो माझ्याशिवाय गेला असता. म्हणून म्हटलं, येतो.

मी तीसेक वर्षं भाऊच्या धक्क्याच्या आसपास लाँचची आणि होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. आता निवृत्त आहे. जुनी ओबीएम, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची आउटबोर्ड मोटर, घ्यावी की नाही, हा प्रश्न घेऊन अजूनही महिन्याला एक-दोन जण येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा हे एक प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो. माणसांची नावं मुद्दाम देत नाही. आकडे मात्र खरे आहेत, ताईच्या वहीतून उतरवलेले.

आधी होडी, मग मोटर

भाच्याची होडी २२ फुटांची, जुन्या लाकडी बांध्याची, वरून फायबर चढवलेली. ट्रॉम्बे कोळीवाड्यातून निघायचं, दक्षिणेला अटल सेतूच्या खांबांच्या अलीकडे तंगूसचं, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याचं, जाळं मारायचं, कोळंबी, बोय, कधी जिताडा, जे लागेल ते घेऊन परत यायचं. तोवर त्याच्याकडे काकाची जुनी आठची मोटर होती. ती मार्चमध्ये कायमची बसली. दोन महिने तो दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जात होता आणि त्याला ते लागत होतं.

पैसे ताईचे. भिशी लागली होती, त्यातले ६५ हजार तिने बाजूला काढून ठेवले होते. वर एक पैसा नाही, असं तिने दोघांना समोर बसवून सांगितलं.

मोटर बघायला जाण्याआधी मी होडी बघायला गेलो. भाच्याला हे वेळ घालवणं वाटलं. मी टेप घेऊन मागच्या फळीची उंची मोजली, म्हणजे मोटर जिथे अडकते त्या कडेपासून खाली होडीच्या तळापर्यंत. साडेसोळा इंच. ओबीएमचा पाय, म्हणजे पाण्यात उतरणारा खालचा भाग, ढोबळमानाने १५ (शॉर्ट शाफ्ट), २० (लाँग शाफ्ट) किंवा २५ इंचांचा येतो, आणि पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत, फार तर इंचभर खाली असावी लागते. पट्टी वर राहिली तर पंखा हवा खातो, नुसता आवाज होतो आणि होडी जागची हलत नाही. फार खाली गेली तर पाय पाण्यात नांगरासारखा ओढ घेतो. आपल्या खाडीत तर त्याहून वाईट, कारण सुकती (ओहोटी) लागली की कमरेएवढ्या पाण्याखाली गाळच असतो आणि जास्त खोल गेलेला पंखा पहिला गाळात घुसतो.

"नाखव्याला विचार, शॉर्ट शाफ्ट आहे की लाँग."

त्याने फोन केला. नाखवा म्हणाला, "पंधराची आहे." पुन्हा विचारलं. "अरे, पंधरा हॉर्सपॉवरची!" फोनवर हे कळणार नव्हतं.

दुसरा प्रश्न मी भाच्यालाच विचारला, पंधरा कशाला? आठवर चालत होतंच की. त्याला जोर हवा होता, लवकर परत येऊन सकाळच्या बाजाराला माल लावायचा होता. इथे थोडं गणित सांगतो, कारण बहुतेक लोक इथेच पैसे घालवतात. पाणी कापत जाणाऱ्या, पाण्यावर न उचलल्या जाणाऱ्या जड होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्यातली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला १.३४ ने गुणायचं. येतो तो साधारण कमाल वेग, नॉटमध्ये. भाच्याच्या होडीची पाण्यातली लांबी २० फूट धरली तर उत्तर सहा नॉट, म्हणजे तासाला ११ किलोमीटर. त्यापुढे मोटर कितीही पिळा, होडी आपल्याच लाटेवर नाक वर करून बसते आणि पेट्रोल धुरात जातं. आठची मोटर शांत पाण्यात त्या वेगाच्या जवळ नेतेच. पंधराचा फायदा असतो तो सुकतीच्या ओढीविरुद्ध येताना, भरलेली होडी असताना, वारा समोरून असताना. तो फायदा खरा आहे. पण त्याला वाटत होता तो वेग त्यातून मिळणार नव्हता.

पहिली फेरी

वेसाव्याला पोचलो तेव्हा भरती चढत होती. वेळ मी मुद्दाम भरतीची निवडली होती, कारण सुकतीला वेसाव्याच्या खाडीत मोटर तपासणं म्हणजे गाळ तपासणं. नाखवा साठीचे, बोलायला मोकळे. मोटर त्यांनी मोठ्या बोटीच्या छोट्या पडावावर वापरली होती, काठावरून माणसं-सामान नेण्यासाठी. मोठी बोट गेल्या वर्षी विकली, पडाव पडून राहिला, म्हणून आता मोटर काढायची.

मी कव्हर काढण्याआधी त्यावर हात ठेवला. गरम.

"कोणी चालवली का आत्ता?"

"पुतण्याने जरा गरम करून ठेवली," नाखवा म्हणाले. "तुम्ही लांबून आलात, दोरी ओढत कशाला बसायचं?"

वाक्य प्रेमाचं होतं आणि खरंही असेल. पण गरम मोटर पहिल्या ओढीला लागते, थंड मोटर लागते की नाही तेच बघायचं असतं. मी काही बोललो नाही. मनात लिहून ठेवलं, उद्या पुन्हा यायचं.

नंबर आधी बघितला. मोटर फळीला अडकते त्या ब्रॅकेटवरची पट्टी जागेवर होती, तिचे रिव्हेट जुने, रंग त्यांच्यावरून गेलेला पण खाली छेडछाड नाही. नाखव्याने प्लास्टिकच्या पिशवीतून पिवळं पडलेलं बिल काढलं, नंबर जुळला. पट्टी नसती किंवा घासलेली असती तर मी तिथूनच परत फिरलो असतो, मोटर फुकट दिली तरी. २६ नोव्हेंबर २००८ ला कफ परेडच्या मच्छीमार नगरात जी हवेची बोट लागली, तिलाही ओबीएमच होती आणि तिचा नंबर तपासातला एक धागा ठरला. तेव्हापासून या किनाऱ्यावर बेवारस नंबरची मोटर बाळगणं म्हणजे स्वतःहून चौकीत जाऊन बसणं. शिवाय होडीच्या नोंदणीत इंजिनाचा तपशील बदलून घ्यायचा तर मत्स्यव्यवसायच्या कार्यालयात बिल आणि नंबर दाखवावाच लागतो.

मग पाय मोजला. वीस इंच. लाँग शाफ्ट. भाच्याचं तोंड पडलं.

रंग नवा होताच, पण रंगाखाली काय आहे ते बोल्ट सांगतात. अॅल्युमिनियममध्ये बसलेले स्टीलचे बोल्ट खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिले की दोन धातूंच्या मधल्या गंजाने असे धरतात की पाना लावला तर बोल्टचं डोकं हातात येतं. मी तीन ठिकाणी पाना लावून अलगद हलवून पाहिलं. दोन हलले, एक नाही. बरं म्हणायचं. जस्ताचा ठोकळा मात्र रंगवून टाकलेला. जस्त आपण मोटरऐवजी स्वतः गंजावं म्हणून लावतो. त्याच्यावर रंग चढवला की ते नुसतं ओझं. हे करणाऱ्या माणसाने आणखी काय केलं असेल, असं मनात येतंच. खालचा सुळका, पंख्याच्या खालचा, एका बाजूने घासून बोथट झाला होता. वेसाव्याच्या तोंडाशी खडक आहेत, त्यात नवल नाही.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. दोन्ही प्लग काढून, प्लगच्या वायरी ब्लॉकला टेकवून, थ्रॉटल पूर्ण उघडून, गेज लावून प्रत्येक सिलिंडरला सहा ओढी. वरचा १०८ पीएसआय, खालचा १०२. माझं गेज जुनं आहे, दुसऱ्याचं गेज पाच-दहा कमी-जास्त दाखवेल. बघायचं ते दोघांमधलं अंतर. दहा टक्क्यांच्या आत असेल तर चालतं. एक १०५ आणि दुसरा ७० असता तर रिंगा किंवा सिलिंडरची भिंत गेली, मग गप्पा मारायच्या, चहा प्यायचा आणि निघायचं. प्लगच्या भोकातून टॉर्च मारला, पिस्टनच्या डोक्यावर थोडी काजळी, ओरखडे दिसले नाहीत.

पडाव पाण्यात ढकलून वीस मिनिटं चालवली. गिअर पुढे-मागे पडत होता, टक् असा एकच आवाज, खरखर नाही. पाठीमागून पाण्याची धार मात्र मेलेली. कोळ्यांची पोरं हसत विचारतात, "मोटर मुततेय ना?" त्या प्रश्नात सगळं आहे. धार नाही म्हणजे थंड करणारं पाणी वर येत नाही, आणि पाणी नसेल तर मोटर काही मिनिटांत जळते. बारीक तार घालून भोक मोकळं केलं, मिठाचा खडा निघाला, धार सुधारली. सिलिंडरच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकला, चर्र झालं नाही. तरी आतला रबरी पंप बदलायचाच हे मी ठरवून टाकलं. आमच्या बाजूच्या खाडीत पाण्यात इतका बारीक गाळ असतो की तो रबर सँडपेपरसारखा घासतो, आणि पाणी ओढण्याच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसली की तो मिनिटभरात भाजतो. हा पंप दर वर्षी बदलायचा असतो. नाखव्याला विचारलं, शेवटचा कधी बदलला? त्यांनी पुतण्याकडे बघितलं, पुतण्याने समुद्राकडे.

"आणि गिअरचं तेल?"

"ते कालच बदललं!" पुतण्या अभिमानाने म्हणाला. "एकदम नवीन भरलंय."

माझ्या दृष्टीने हे दिवसभरातलं सगळ्यात वाईट वाक्य होतं. ज्या मोटरीचा पंप कधी बदलला ते आठवत नाही, जस्त रंगवलेलं आहे, तिच्यात विकण्याच्या आदल्या दिवशी नवीन तेल. जुन्या तेलाने काय सांगितलं असतं ते सांगायचं राहून गेलं. मुलगा लबाड होता असं मी म्हणत नाही. स्कूटर विकताना धुऊन पुसून देतात, तसंच त्याने केलं असेल.

भाचा परतताना गप्प होता. मेट्रोत म्हणाला, "मामा, चालते की ती. तुम्ही कशाला एवढं?" चालणाऱ्या मोटरीवर माणसाचा जीव लगेच बसतो, त्याच्या जागी मी असतो तरी बसला असता. मी एवढंच सांगितलं की नाखव्याला सांगून आलोय, मोटर रात्रभर उभीच ठेवा, आडवी करू नका, आणि सकाळी आम्ही येईपर्यंत कोणी दोरीला हात लावायचा नाही.

दुसरी सकाळ

गिअरबॉक्समध्ये पाणी शिरत असेल तर चालवल्यावर ते तेलात फेटलं जातं. मोटर रात्रभर उभी राहिली की त्यातलं पुष्कळसं पाणी, जड म्हणून, तळाला जाऊन बसतं. सकाळी खालचा स्क्रू जरासा सैल केला की आधी तेच बाहेर येतं. तेल एका दिवसापूर्वी बदललेलं असो वा आठवड्यापूर्वी, वीस मिनिटं पाण्यात चालवून रात्रभर उभी ठेवलेली मोटर खोटं बोलू शकत नाही.

पांढऱ्या झाकणात धरलं. आधी दोनेक चमचे पाणी. त्यामागून तेल, कडेला सोनेरी आणि मध्ये दुधाळ, चहात दूध जास्त पडावं तसं.

नाखवा वाकून बघत होते. त्यांचा चेहरा खरोखर पडला. मला तेव्हा वाटलं की त्यांना हे माहीत नव्हतं, आणि अजूनही तसंच वाटतं.

पंखा काढला. नट, वॉशर, पंखा, आणि त्यामागे शाफ्टभोवती गुंडाळलेलं तंगूस, मूठभर, उष्णतेने चिकटून कडीसारखं झालेलं. मुंबईच्या पाण्यात हे इतकं सर्रास आहे की पंखा न काढता जुनी ओबीएम घेणारा माणूस मला कळतच नाही. तंगूस फिरत फिरत आत सरकतं आणि शाफ्टचं रबरी सील कापतं. सील गेलं की मोटर चालताना, आणि त्याहून जास्त बंद झाल्यावर थंड होताना, पाणी आत ओढलं जातं. सीलची किंमत किरकोळ असते. पण पाणी आत किती दिवस होतं यावर सगळं अवलंबून. महिनाभर असेल तर सील बदलून काम भागतं. वर्षभर असेल तर बेअरिंगवर गंजाचे डाग, गिअरच्या दातांवर खड्डे, आणि मग खालचा अख्खा भाग नवा घ्यायचा, जो या मोटरीच्या किमतीच्या जवळ जातो.

न उघडता अंदाज कसा घ्यायचा? स्क्रूला चुंबक असतं, त्यावर काय चिकटलंय ते बघायचं. बोटावर घेतलं तर मऊ, करड्या पेस्टसारखी भुकटी होती. ती चालते, प्रत्येक गिअरबॉक्समध्ये येते. चकचकीत कण, टोचणारी पत्री आली असती तर दातच तुटतायत असं समजायचं. मग पंख्याचा शाफ्ट हाताने फिरवला, वर-खाली, आत-बाहेर दाबून बघितला. ढिलाई नगण्य. तेलाला जळका वास नाही. मी स्वतःशी हिशेब केला, पाणी शिरतंय पण बहुधा फार दिवस नाही. बहुधा हा शब्द पैशात मोजायचा असतो, तो पुढे मोजला.

तेल पुन्हा भरलं आणि थंड मोटर पाण्यात उतरवली. चोक ओढून चौथ्या ओढीला लागली. माझ्या हिशेबात चौथी पास. दहावी असती तर कार्ब्युरेटर आणि ठिणगी दोन्हीकडे बघावं लागलं असतं. पाच मिनिटं धूर, मग बसला.

पेट्रोलच्या नळ्या मात्र कडक होऊन चिरलेल्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बारा वर्षांपूर्वीच्या नळ्या, गॅस्केटं त्या हिशेबाने बनलेली नाहीत. इथेनॉल दमट हवेतलं पाणीही शोषतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात, आणि त्या थरात टू-स्ट्रोकचं तेल नसतं. ते ओढलं की सिलिंडरला विना तेलाचं खाणं मिळतं. म्हणून पावसाळ्यात टाकीत मिसळलेलं पेट्रोल ठेवून देणं ही माझ्या मते मोटरीची सावकाश हत्या आहे. नाखव्याच्या टाकीत ते मागच्या दिवाळीपासूनचं होतं. ते आम्ही वापरलं नाही, भाच्याने डब्यातून ताजं नेलं होतं.

हिशेब

एक चूक माझीही झाली. मी दुरुस्तीचा हिशेब नाखव्यासमोर मांडला तेव्हा त्यात सुताराचे ४,५०० पण धरले, होडीची मागची फळी तीन इंच उंच करायचे, म्हणजे वीस इंची पाय नीट बसेल. नाखवा हसले. "फळी तुमच्या होडीची. तिचा खर्च माझ्या मोटरीतून का कापता?" बरोबर होतं. मी मागे घेतले.

बाकीचे आकडे असे. पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, दोन प्लग आणि नवं जस्त, ४,२००. गिअरबॉक्सची सीलं, हवा भरून दाब टिकतो का ते बघणं आणि नवं तेल, ४,८००. नळ्या, हातपंपाचा फुगा, कार्ब्युरेटरचं किट, ३,५००. सीलं आणि बेअरिंग मी नागदेवी स्ट्रीटवरून आणणार होतो, मजुरी माझी घरची, नाहीतर आकडा दीडपट झाला असता. एकूण १२,५००. त्या हंगामात चालू स्थितीतली अशी मोटर ५० च्या आसपास जात होती, म्हणजे आमच्या बाजूने साडेसदतीस. नाखवा बेचाळीसवर अडले. शेवटी ३८ हजारांना, टाकी, नळी आणि एक जास्तीचा पंखा धरून. स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, नंबर टाकून, जुनं बिल सोबत.

टेम्पोचे दोन हजार, सुतार साडेचार, दुरुस्ती साडेबारा, मोटर ३८. सत्तावन्न हजार. ताईच्या पासष्टमधले आठ उरले. ते आठ हजार मी तिच्याकडेच ठेवायला सांगितले, बहुधा या शब्दासाठी.

घ्यायची की नाही हे ठरवताना भाच्याला मी दुसराच कागद दाखवला होता, तो इथे देतो. अशी मोटर पूर्ण थ्रॉटलला तासाला साडेसहा लिटरच्या आसपास पिते, अर्ध्याला साडेतीनच्या. मुंबईत पेट्रोल तेव्हाच्या भावाने १०४ रुपये धरा, तेल लिटरमागे २० मिली, ५० ला १ या प्रमाणात. जाऊन-येऊन अर्ध्या थ्रॉटलला दीड तास, तर रोजचे साधारण ५९०. पूर्ण पिळून सव्वा तासात आला, तर ९१०. वर्षात १८० दिवस होडी गेली असं धरलं तर एक लाख सहा हजार विरुद्ध एक लाख चौसष्ट हजार. फरक सत्तावन्न हजारांच्या वर. म्हणजे रोजची पंधरा मिनिटं वाचवायला तो दर वर्षी एक अख्खी मोटर, दुरुस्तीसकट, जाळणार होता. बावन्नचे अडतीस करण्यासाठी आम्ही दोन दिवस घासाघीस केली, आणि हा आकडा त्याच्या उजव्या हाताच्या मनगटात होता.

तेलाबाबत त्याने विचारलं, मोटरसायकलचं टू-स्ट्रोक तेल चालेल का, स्वस्त पडतं. चालेल, पण नको. पाण्याने थंड होणाऱ्या मोटरीसाठी राख न ठेवणारं वेगळं तेल मिळतं, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असतं. ते घ्यायचं.

मग नवीच का नाही घेतली? चांगला प्रश्न, आणि पैसे असते तर मी फोर-स्ट्रोकच सांगितली असती, पेट्रोल कमी खाते म्हणून. पण ताईकडे ६५ होते आणि नवी त्याच्या कितीतरी पुढे. कर्ज काढून नवी, की हातातल्या पैशात जुनी, यावर ताईने एका वाक्यात निकाल दिला. जून-जुलैत हप्ता कोण भरणार? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मोटर लावलेल्या होड्यांना बंदी असते, ६१ दिवस एक रुपया येत नाही आणि बँकेला पाऊस कळत नाही.

बंदीचा आम्हाला उपयोगच झाला. लोक मोटर विकतात मे अखेरीला, बंदीत पडून राहील म्हणून, आणि घेतात जुलैच्या शेवटी, नारळी पुनवेआधी घाईघाईत. मे अखेरीला घेणाऱ्याला दोन महिने निवांत मिळतात. गिअरबॉक्स उघडला तेव्हा एका बेअरिंगवर फिकट डाग निघाला, तेही बदललं. दाताला काही नव्हतं. सुताराने फळी सागाच्या लाकडाने उंच केली, आरपार बोल्ट मारून. एक फायदा आम्ही धरलाच नव्हता, मागून लाट आली तर आता पाणी चटकन आत येत नाही.

निघण्याआधी ताईने एकच विचारलं. "वल्ही आहेत ना होडीत? आणि नांगर?" वल्ही भाच्याने आठची मोटर बसवली तेव्हाच काढून घराच्या मागे टाकली होती, त्यांच्यावर कपडे वाळत होते. तिने ती स्वतः उचलून होडीत नेऊन ठेवली.

जे सुटलं

ऑगस्ट ते ऑक्टोबर काही तक्रार नाही. गिअरचं तेल दर महिन्याला बघितलं, स्वच्छ. दर फेरीनंतर पिंपात गोड्या पाण्यावर पाच मिनिटं चालवायची सवय मी त्याला लावली, सुरुवातीला ओरडून.

नोव्हेंबरच्या मध्यावर मोटर परतीच्या वाटेवर बंद पडली. पाऊण तास चालली, मग एकदम गप्प, जणू कोणी स्विच बंद केला. ठिणगीच नाही. अर्ध्या तासाने थंड झाल्यावर पुन्हा लागली, दहा मिनिटं चालली, पुन्हा गेली. फ्लायव्हीलखाली ठिणगीला वीज पुरवणारी जी कॉइल असते, तिच्यातली तार कुठेतरी तुटत आलेली असते. थंड असताना टोकं चिकटून असतात, तापली की प्रसरण पावून सुटतात. थंड मोटर तपासली तर काहीच सापडत नाही.

वेसाव्याला आम्ही ती वीस मिनिटं चालवली होती. तासभर चालवायला हवी होती. पडावात बसून पाऊण तास उगाच फेऱ्या मारणं मला तेव्हा जास्तीचं वाटलं, भरतीही उतरायला लागली होती, आणि गिअरच्या तेलाने माझं सगळं लक्ष खाल्लं होतं. एक दोष सापडला की माणूस दुसरा शोधायचा थांबतो. नवी कॉइल साडेसहा हजारांना पडली. ताईच्या आठमधून गेली, दीड उरले.

त्या दिवशी भाचा अटल सेतूच्या थोडा उत्तरेला होता आणि सुकती लागलेली. सुकती तिथून खाली ओढते, घारापुरीकडे, जिथे न्हावा शेवाच्या मोठ्या जहाजांचा रस्ता आहे. त्याने नांगर टाकला आणि बसून राहिला, मोबाइलवर मला मोटरीचे आवाज ऐकवत. मी म्हटलं, दोरी ओढणं बंद कर, हात ठेव वल्ह्यांसाठी. चार तासांनी पाणी वळलं, भरती वर ओढायला लागली, तेव्हा नांगर काढून वल्ही मारत तो अंधार पडता पडता कोळीवाड्यात लागला.

ताई काठावरच होती. तिने टॉर्च त्याच्या तोंडावर मारला, मग होडीत, टोपलीवर.

"बर्फ टाकला होतास ना कोळंबीवर?"